अनुदान कोणते, कर्ज कोणते? महामारीतील सरकारी मदतीचा हिशेब

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. बरोबर महिन्याने, २५ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि त्या वर्षीची ईदही टाळेबंदीतच गेली. पुढच्या वर्षी १४ एप्रिल २०२१ रोजी पहिला रोजा होता. त्याच दिवशी रात्री आठ वाजल्यापासून महाराष्ट्रात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध सुरू झाले. कपडे, चपला, अत्तर, टोप्या, सुकामेवा, शेवया, बांगड्या विकणारे, शिवणकाम व जरीकाम करणारे आपले अनेक बांधव वर्षभराची उधारी रमजानच्या कमाईतून फेडतात. त्यांचे सलग दोन हंगाम हातचे गेले. शाबानमध्ये उचललेला माल दुकानात पडून राहिला, घाऊक व्यापाऱ्याचे देणे मात्र उभेच राहिले.

त्या काळात रोज नवी घोषणा ऐकू येत होती. २० लाख कोटींचे पॅकेज, ३ लाख कोटींचे कर्ज, फेरीवाल्यांना १० हजार, रिक्षावाल्यांना दीड हजार. घोषणा ऐकून कागद घेऊन धावपळ करणारे बरेच होते. पण आपण ज्यासाठी अर्ज करतो आहोत ती रक्कम परत करायची आहे की नाही, हे अनेकांना शेवटपर्यंत उमगले नाही. कर्जाला मदत समजून घेतले गेले आणि जी खरी मदत होती तिच्या यादीत नावच सापडले नाही. म्हणून त्या सर्व योजनांचा हिशेब आम्ही आज पुन्हा मांडत आहोत. गेलेला काळ परत येणार नाही, परंतु पूर, आग, दुष्काळ किंवा पुन्हा एखादी साथ आली, तर सरकारी मदत याच वाटांनी येणार आहे.

मदतीचे चार प्रकार

सरकारी मदत ढोबळमानाने चार प्रकारची असते. पहिला प्रकार अनुदान. हे पैसे परत करायचे नसतात. दुसरा प्रकार व्याजात सवलत. यात कर्ज बँकेचेच असते, मुद्दल पूर्ण फेडायचे असते, फक्त व्याजाचा काही भाग सरकार भरते. तिसरा प्रकार हमी. सरकार बँकेला सांगते की कर्ज बुडाले तर आम्ही भरू. ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नाही. कर्जदाराची देणेदारी एक रुपयानेही कमी होत नाही. चौथा प्रकार मुदतवाढ. हप्ता आज भरू नका, नंतर भरा, एवढाच तिचा अर्थ. मधल्या काळाचे व्याज चालूच राहते.

योजनेचे नाव काहीही असो, तिच्या कागदावर हे चारपैकी काय आहे ते आधी पाहावे. 'साहाय्य', 'निधी', 'पॅकेज' हे शब्द चारही प्रकारांना सारखेच लावले जातात.

केंद्राची मोठी योजना: हमीचे कर्ज

मे २०२० मध्ये केंद्र सरकारने छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्ज हमी योजना जाहीर केली. ही योजना तिसऱ्या प्रकारची होती. २९ फेब्रुवारी २०२० रोजी व्यापाऱ्याचे बँकेत जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्के रक्कम बँकेने नवे तारण न मागता आणखी द्यायची, असा नियम होता. मुदत चार वर्षांची, पहिले एक वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही, पण व्याज भरायचे. व्याजाची कमाल मर्यादा बँकांसाठी ९.२५ टक्के आणि बिगर बँक वित्त कंपन्यांसाठी १४ टक्के ठेवली होती. पुढे योजनेची व्याप्ती व रक्कम वाढवली गेली आणि ती मार्च २०२३ पर्यंत चालली.

या नियमातील मेख नीट पाहावी. ज्याचे ५ लाखांचे कर्ज बाकी होते, त्याला १ लाख मिळाले. ज्याचे ५० लाख बाकी होते, त्याला १० लाख. आणि ज्याने कधी बँकेचे कर्ज घेतलेच नव्हते, त्याला किती? शून्याचे २० टक्के शून्यच.

आपल्या समाजात व्याज टाळण्यासाठी बँकेच्या कर्जापासून दूर राहणारे व्यापारी पुष्कळ आहेत. भावाकडून, सासुरवाडीकडून, मालाच्या उधारीवर किंवा कर्ज-ए-हसनाच्या आधारावर ते धंदा करतात. कुणाचे देणे न बुडवता वर्षानुवर्षे चोख व्यवहार केलेल्या या माणसांची बँकेत कर्जदार म्हणून नोंद नव्हती. त्यामुळे देशातील सर्वांत मोठ्या योजनेचे दार त्यांच्यासाठी उघडलेच नाही. व्याजाचे कर्ज घ्यायला हवे होते, असे आम्हाला सुचवायचे नाही. योजना कशी आखली आहे यावर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते, एवढेच दाखवायचे आहे.

फेरीवाल्यांचे १० हजार

१ जून २०२० रोजी पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. रस्त्यावर माल विकणाऱ्यांना १० हजार रुपयांपर्यंत बिनतारणी कर्ज, एका वर्षात मासिक हप्त्यांनी परतफेड. हप्ते वेळेवर भरल्यास व्याजात ७ टक्के सवलत, जी बँक खात्यात जमा होते. शिवाय डिजिटल व्यवहार केल्यास महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा. पहिले कर्ज फेडल्यावर २० हजारांचे दुसरे आणि नंतर ५० हजारांचे तिसरे कर्ज.

याचा हिशेब करून पाहू. समजा बँकेचा दर १२ टक्के आहे. १० हजारांवर बारा हप्त्यांत सुमारे ६६० रुपये व्याज जाते. ७ टक्क्यांच्या सवलतीने त्यातले साधारण ३८५ रुपये परत येतात, म्हणजे पदरचे २७५ रुपये जातात. पण हेच कर्ज वित्त कंपनीकडून २४ टक्क्यांनी घेतले, तर व्याज सुमारे १,३५० रुपये होते आणि सवलत मात्र तशीच ३९० रुपयांच्या आसपास राहते. पदरचे ९५० रुपये जातात. सवलत ७ टक्क्यांचीच असल्याने सावकार जितका महाग, तितका भार आपल्यावर. डिजिटल परताव्याचे पूर्ण १,२०० रुपये वर्षभरात मिळवायचे असतील, तर त्या वेळच्या नियमाने महिन्याला २०० व्यवहार व्हायला हवे होते. भाजीवाल्याला ते जमते, गालिचे विकणाऱ्याला जमत नाही.

एवढा आकडा मांडला म्हणजे कळते की ही दुसऱ्या प्रकारची मदत आहे. १० हजार मुद्दल प्रत्येकालाच फेडायचे होते. तरीही योजनेचा उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. खासगी सावकाराकडे रोजच्या वसुलीवर पैसे घेणाऱ्याला तिचा मोठा आधार झाला. जुलै २०२५ अखेर ६८ लाखांहून अधिक फेरीवाल्यांना मिळून १३,७९७ कोटी रुपयांची ९६ लाखांवर कर्जे दिली गेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली आणि रकमा १५ हजार, २५ हजार व ५० हजार अशा केल्या. सवलतीच्या व्याजाचे कर्ज घ्यावे की नाही, हा प्रश्न ज्याने त्याने जाणकार उलेमांना विचारावा. आम्ही येथे फक्त पैशांचा हिशेब देत आहोत.

खरे अनुदान किती आले?

परत न करायची मदतही त्या काळात आली, पण ती छोट्या रकमांची आणि विखुरलेली होती.

१३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने निर्बंधांसोबत सुमारे ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि नोंदणीकृत घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. फेरीवाल्यांची संख्या ५ लाख धरली होती. या चार ओळींत एक शब्द वेगवेगळ्या रूपांनी चार वेळा आला आहे, तो म्हणजे नोंदणी किंवा परवाना. दुसऱ्याच्या परवान्यावर रोजाने रिक्षा चालवणारा माणूस दिवसभर तीच रिक्षा चालवत होता, पण परवाना त्याच्या नावाचा नव्हता. पंधरा वर्षे एकाच नाक्यावर गाडी लावणारा फळवाला सर्वांच्या ओळखीचा होता, पण पालिकेच्या यादीत नव्हता. अशांच्या हाती काहीच पडले नाही.

दुसरी खरी मदत भविष्य निर्वाह निधीत आली. ज्या कारखान्यांत किंवा दुकानांत १०० पर्यंत कामगार होते आणि त्यांतले ९० टक्के १५ हजारांपेक्षा कमी पगाराचे होते, तेथे मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे मालक आणि कामगार दोघांचे मिळून २४ टक्के अंशदान केंद्र सरकारने भरले. १० हजार पगाराच्या एका कामगारामागे महिन्याला २,४०० रुपये ही लहान रक्कम नव्हे. परंतु कामगारांना रोख आठवडा देणाऱ्या आणि कुठेच नोंद न ठेवणाऱ्या कारखानदाराला तिचा उपयोग झाला नाही, त्याच्या कामगारांनाही नाही. यंत्रमागाच्या गावांतून परप्रांतीय कारागीर पायी निघाले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचा कोणत्याही हजेरीपटावर पत्ता नव्हता.

तिसरी मदत अनेकांच्या ध्यानातही आली नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. पण व्याजावर व्याज चढत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ आणि सरळ व्याजातील फरक स्वतः भरण्याचे ठरवले. हप्ता थांबवला असो वा नसो, ही रक्कम खात्यात जमा व्हायची होती. १ लाखाच्या कर्जावर १२ टक्के दराने सहा महिन्यांचा हा फरक सुमारे १५२ रुपये होतो. पुढे २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांचे व्याजावरील व्याज कोणाकडूनच घेऊ नये, असा निर्णय दिला. रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे होते. ती जमा झाली की नाही, हे पासबुक भरून किती जणांनी पाहिले?

ज्यांनी रोख दिले, तिथे काय झाले?

आपल्याकडे कर्जावर भर राहिला. काही श्रीमंत देशांनी थेट रोख अनुदान दिले. तिथे सगळे सुरळीत झाले का, हे पाहणे उपयोगी आहे, कारण तेथेही कोण आत आणि कोण बाहेर हे नोंदीनेच ठरवले.

इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये छोट्या धंद्यांना १० हजार पौंड आणि मोठ्या जागेच्या दुकानांना व उपाहारगृहांना २५ हजार पौंड देण्याचे ठरले. वाटप स्थानिक कौन्सिलांनी केले आणि यादी घेतली ती जागेच्या कर आकारणीची. ज्याच्या नावाने दुकानाची कर आकारणी, त्याला पैसे. त्यामुळे ११ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम झपाट्याने वाटली गेली. पण बाजारात भाड्याने ठेला लावणारे आणि एकाच जागेत वाटून बसणारे व्यावसायिक सुटले, कारण त्यांच्या नावाने स्वतंत्र आकारणी नव्हती. ओरड झाल्यावर मे महिन्यात त्यांच्यासाठी ६१ कोटी ७० लाख पौंडांचा वेगळा निधी काढावा लागला. नाक्यावरचा आपला फळवाला आणि तिथला ठेलेवाला यांची अडचण एकच होती.

अमेरिकेने मे २०२१ मध्ये उपाहारगृहांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा अनुदान निधी उघडला. रस्त्यावरच्या खाद्यगाड्यांनाही तो खुला होता. हिशेब सोपा होता. २०१९ ची विक्री वजा २०२० ची विक्री, त्यातून आधी मिळालेली मदत वजा. म्हणजे दोन्ही वर्षांची विक्री कागदावर दाखवता आली पाहिजे. सुमारे २ लाख ७८ हजार अर्ज आले, मागणी ७२ अब्जांवर गेली आणि सुमारे १ लाख १ हजार जणांना देईपर्यंत पैसे संपले.

जर्मनीने मार्च २०२० मध्ये पाच कामगारांपर्यंतच्या धंद्याला तीन महिन्यांसाठी ९ हजार युरोपर्यंत आणि दहापर्यंत कामगार असल्यास १५ हजारांपर्यंत तातडीचे अनुदान दिले. पैसे लवकर हातात आले. पण नंतर अनेकांना नोटिसा गेल्या की प्रत्यक्षात तूट किती आली ते सिद्ध करा, जादा घेतले असल्यास परत करा. अनेकांना रक्कम परत करावी लागली आणि काही जण न्यायालयात गेले. म्हणजे अनुदान मिळाले म्हणून काम संपत नाही. ते कशासाठी मिळाले आणि कुठे खर्च झाले, याच्या पावत्या काही वर्षे जपून ठेवाव्या लागतात. आपल्याकडेही सरकारी अनुदान आयकराच्या हिशेबात सहसा उत्पन्नात धरले जाते, म्हणून ते वहीत स्वतंत्र दाखवावे आणि हिशेबनिसाला सांगावे.

आता काय करावे?

संकट आल्यावर नोंदणीची खिडकी गर्दीने भरते. शिवाय जुन्या तारखेची अट असते. स्वनिधीत २४ मार्च २०२० पूर्वी फेरीचा धंदा असणे आवश्यक होते आणि हमी योजनेत २९ फेब्रुवारीची बाकी पाहिली गेली. दोन्ही तारखा घोषणेच्या आधीच्या होत्या. म्हणून नोंदी सुकाळातच करून ठेवाव्यात.

फेरीवाल्यांनी: पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव आणि विक्री प्रमाणपत्र असल्यास उत्तम. सर्वेक्षणातून सुटलेल्यांना स्वनिधी योजनेत पालिकेकडून शिफारसपत्र मागता येते. दंडाच्या पावत्या फेकू नयेत. त्या जागेवर आपण कधीपासून बसतो याचा तो पुरावा असतो.

दुकानदार व कारखानदारांनी: उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार आणि पॅनवर होते आणि तिला सरकारी शुल्क नाही. एजंटाने 'सरकारी फी' म्हणून पैसे मागितल्यास देऊ नयेत. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही अग्रक्रमाच्या कर्जापुरती ही नोंदणी करता येते. ज्यांना जीएसटी क्रमांक नाही अशा सूक्ष्म धंद्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट ही वेगळी सोय झाली. दुकानाची गुमास्ता नोंदही स्वतःच्या नावाची असावी, वारलेल्या वडिलांच्या नावाची नको.

कारागिरांनी: १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना महामारीची नाही, पण तीत खरे अनुदान आहे. सुतार, लोहार, कुलूपकार, सोनार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, चर्मकार, टोपल्या-झाडू करणारे, मासेमारीची जाळी विणणारे अशा १८ व्यवसायांना ती लागू आहे. पायाभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. ही रक्कम परत करायची नाही. ५ टक्के व्याजाचे कर्ज हा तिचा वेगळा भाग आहे आणि कर्ज हवे की नको हे अर्जातच विचारले जाते. ज्यांना व्याज नको त्यांनी तेथे 'नको' लिहावे, पण कर्ज नको म्हणून अवजारांचे अनुदानही सोडून देऊ नये. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, म्हणून अर्ज कोणी करायचा हे घरात आधी ठरवावे.

सर्वांनीच: बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे. खात्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि परवान्यावरचे नाव अक्षर न् अक्षर एकच असावे. शेख की शैख, मोहम्मद की मुहम्मद, एवढ्याशा फरकाने अर्ज अडतात हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. रोजच्या विक्रीची साधी वही ठेवावी. 'माझे नुकसान झाले' या तोंडी वाक्याला कचेरीत किंमत नाही. गेल्या रमजानला एवढी विक्री, यंदा एवढी, हे वहीतून दाखवता आले तरच हक्क सांगता येतो.

शेवटी एक सूचना. अनेक मोहल्ल्यांत टाळेबंदीच्या काळी तरुणांनी रेशनचे किट घरोघर पोहोचवले. ती घरे, त्या गाड्या, ते कारखाने त्यांना माहीत आहेत. त्याच तरुणांनी महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर दोन तास टेबल मांडून बसावे, कुणाची कोणती नोंद अपुरी आहे ते पाहावे आणि अर्ज भरून द्यावेत. संकटात किट वाटणे पुण्याचे काम होते. पण ज्याचे नाव यादीत आहे, त्याला पुढच्या वेळी किटसाठी हात पसरावा लागणार नाही. त्याचा हक्काचा पैसा त्याच्या खात्यात येईल.